सुपातून फेकलेले दाणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी रोज सकाळी एक काम ठरलेलं असायचं. कंट्रोलचा तांदूळ सुपात घ्यायचा, खिडकीजवळ बसायचं आणि त्यातले थोडे पिवळसर, जरा वेगळे दिसणारे दाणे एकेक करून वेचायचे. अम्मी वेचायची, भाभी वेचायची, सुटीच्या दिवशी मीही बसायचे. वेचलेले दाणे कागदाच्या पुडीत बांधून थेट कचऱ्यात. कोंबड्यांनाही द्यायचे नाहीत. अम्मी म्हणायची, "क्या पता, मुर्गियां मर गयीं तो?"

कारण होतं एक व्हिडिओ. कोणीतरी शिजलेल्या भाताचा गोळा करून जमिनीवर आपटतं, तो चेंडूसारखा उसळतो, आणि मागून आवाज येतो की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या ग्रुपवर तो आठवड्यातून दोनदा फिरायचा. मी बी.एस्सी. आहे. गोंदियातच शिकले आणि आता दहावी-बारावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. तरीही तो व्हिडिओ मी तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते उपदेश म्हणून वाचलं जाऊ नये.

भाभी तेव्हा सहाव्या महिन्यात होती. तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ७.९ निघालं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि घरात काय-काय खाता ते विचारलं. भाभीने मोठ्या विश्वासाने सांगितलं की आम्ही कंट्रोलचा तांदूळ नीट साफ करतो, प्लास्टिकचे दाणे काढून टाकतो. नर्सबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ते दाणे तुमच्यासारख्यांसाठीच घातलेत त्यात."

त्या दाण्यात काय असतं?

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले. तो दाणा तांदळाच्याच पिठाचा असतो. पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळतात, ते यंत्रातून गरम दाबाने काढून तांदळाच्या आकारात कापतात आणि शंभर किलो साध्या तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळतात. हे मिसळण्याचं काम राइस मिलमध्येच होतं. म्हणजे ज्या मिलच्या भोंग्यावर आमचं शहर उठतं, तिथेच. दाणा पिठापासून बनलेला असल्याने त्याचा रंग थोडा वेगळा दिसतो आणि काही दाणे पाण्यावर तरंगतात. भाताचा गोळा उसळतो तो त्यातल्या स्टार्चमुळे. तो प्रयोग शेतातून आणलेल्या साध्या तांदळाच्या भातावर करून बघा, तोही उसळेल. मी माझ्या शिकवणीच्या मुलांसमोर केला. मुलं खूप हसली, आणि मला माझे तीन फॉरवर्ड आठवले.

सरकारने १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून या योजनेची घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत असा तांदूळ टप्प्याटप्प्याने सगळ्या रेशन दुकानांत पोहोचवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवायला मंजुरी दिली.

हिशोबही मांडते. नियमाप्रमाणे अशा एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. माणशी ५ किलो धान्य मिळतं. ते सगळं तांदळाच्या रूपात मिळालं आणि सगळं खाल्लं, तर दिवसाला साधारण साडेचार ते सात मिलिग्रॅम लोह मिळेल. आपल्याकडच्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत. त्या दाण्यांनी भाभीचं रक्त भरून आलं असतं असा माझा दावा नाही. पण आम्ही न विचारता, न वाचता तिच्या ताटातला तो हिस्सा रोज सकाळी कचऱ्यात टाकत होतो, हे खरं आहे.

मुंबईच्या बायका, १९२८

वाचता वाचता मी त्या दाण्यातल्या फॉलिक अॅसिडपाशी थांबले. त्याचा शोध कसा लागला हे मी पाठ्यपुस्तकात कधीच वाचलं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर सांगते.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर भारतात आली. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विशिष्ट प्रकारचा तीव्र अॅनिमिया व्हायचा आणि त्यात कित्येक जणी दगावायच्या. कारण कळत नव्हतं. विल्सने परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं. निरनिराळ्या समाजांतल्या बायका काय खातात याच्या नोंदी तिने केल्या आणि आजाराशी त्या ताडून पाहिल्या. सगळ्यात निकृष्ट जेवण आणि सगळ्यात जास्त आजार, दोन्ही एकाच गटात सापडले: गरीब मुस्लिम बायका.

पुढे तिने प्रयोगशाळेतल्या उंदरांना या मुस्लिम बायकांसारखंच जेवण देऊन पाहिलं. उंदरांना अॅनिमिया झाला, गाभण माद्या पिल्लं व्हायच्या आधीच मेल्या. त्या उंदरांना उवांचाही संसर्ग होता, म्हणून तिने तेच काम पुन्हा माकडांवर करून खात्री करून घेतली. शेवटी उतारा सापडला तो अगदी स्वस्त वस्तूत, यीस्टच्या अर्कात, म्हणजे पावाला लावतात त्या मार्माइटमध्ये. १९३१ मध्ये तिने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. यीस्टमधल्या त्या अनोळखी घटकाला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव पडलं. आज जगभर गरोदर बायकांना ही गोळी देतात.

लुसी विल्सचं नाव शोधाला लागलं, आणि तिचं श्रेय तिला मिळायलाच हवं. ज्यांच्या रक्तातून आणि ताटातून तो शोध लागला, त्या बायका मात्र या कहाणीत 'गरीब मुस्लिम स्त्रिया' एवढ्याच नावाने उरल्या. जवळजवळ शंभर वर्षांनी त्यांच्यासारख्याच एका घरात, गोंदियात, एक गरोदर बाई तेच फॉलिक अॅसिड सुपातून वेचून फेकत होती. तिची नणंद विज्ञान शिकवत होती आणि तीही वेचायला बसत होती.

"आपण तर गोश्त खातो"

आमच्या घरात रक्ताच्या कमतरतेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "आपण गोश्त खाणारे लोक. आपल्याला कशाला खून की कमी?" विल्सच्या नोंदींनी हा समज १९३० च्या सुमारासच मोडला होता. समाज गोश्त खातो म्हणून त्यातली प्रत्येक बाई ते खातेच असं नाही.

तुमच्या घरच्या दस्तरखानावर एकदा लक्ष ठेवून बघा. कलेजी कुणाच्या ताटात जाते? पहिली वाढणी कुणाची होते? शेवटी भांड्यात रस्सा आणि बटाटे उरतात, ते कोण खातं? आमच्या घरी मी एक आठवडा मोजलं. भाभीला दोनदा गोश्त मिळालं, भाईला पाचदा. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मोठ्यांच्या आधी जेवायचं नाही, एवढाच रिवाज होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये अॅनिमिया दिसला. हे फक्त आपल्या समाजाचे आकडे नाहीत, सगळ्यांचे आहेत.

यात बाहेरचीही कारणं आहेत आणि ती लपवायची गरज नाही. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गोहत्या तर त्याआधीच बंद होती. गरीब घरात आठवड्यातून दोनदा शिजणारं स्वस्त मांस त्यानंतर आमच्या घरी दोन आठवड्यांतून एकदा आलं, तेही चिकन. यावर बोलायलाच हवं. पण जे थोडं येतं ते घरात कसं वाटलं जातं, हा प्रश्न कोणत्याही कायद्याने आपल्यावर लादलेला नाही.

दुसऱ्या बाजूचा प्रश्न

आता कोणी म्हणेल की मग सरकार देतं ते मुकाट्याने खा. माझं म्हणणं तसं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंच्या मुलाला सिकलसेल आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हा आजार कुणाला नवा नाही. मी अम्मीला सगळं समजावून सांगितल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि त्या संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, माझ्या लेकराला हा तांदूळ चालतो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंट्रोलवाल्याकडेही नव्हतं. तो म्हणाला, वरून आलंय.

ज्या सिकलसेल रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह साचत जातं. म्हणूनच २०१८ च्या नियमांत लोहयुक्त धान्याच्या पाकिटावर सूचना छापणं बंधनकारक होतं: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी आणि ज्यांना लोह कमी घ्यायला सांगितलंय त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावं. काही नागरिक याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. नंतर तज्ज्ञांच्या समितीने तांदळातून मिळणारं लोह इतकं थोडं आहे की त्याने धोका वाढत नाही असं सांगितलं, आणि २०२४ मध्ये ही सूचना काढण्यात आली. समितीचं म्हणणं बरोबर असेलही. पण ज्या जिल्ह्यात घरटी माणूस या आजाराचं नाव ओळखतो, तिथे रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला हे कोणी सांगितलं? माझं त्या ताईंना एवढंच सांगणं होतं की मुलाला रक्त चढवत असतील तर त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका, आणि व्हिडिओ बघून तर अजिबात ठरवू नका.

शास्त्रज्ञांमध्येही यावर एकमत नाही. जगभरातल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या अहवालानुसार लोह घातलेल्या तांदळाने शरीरातली लोहाची कमतरता कमी होऊ शकते, पण अॅनिमियाच्या प्रमाणात फारसा फरक पडेलच असं नाही. बोटाच्या टोकाला टोचून घेतलेल्या रक्तातून अॅनिमिया बरोबर मोजला जातो का, हाही वाद आहे. त्यामुळेच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीतून ही चाचणी वगळली गेली. विज्ञानात असे वाद होतात, होऊ दिले जातात, आणि त्यातूनच उत्तर सुधारतं. अफवेत वाद नसतो. तिथे उसळणारा चेंडू बघितला की विषय संपतो.

लोह गेलं कुठे?

मला सगळ्यात जास्त छळतो तो आणखी एक प्रश्न. तांदळात बाहेरून लोह घालायची वेळ का आली?

एक उत्तर मिलमध्येच आहे. पांढराशुभ्र तांदूळ हवा म्हणून आपण दाण्यावरचा कोंडा घासून काढतो आणि जीवनसत्त्वांचा मोठा भाग कोंड्यासोबत जातो. १८९० च्या दशकात जावामध्ये डच डॉक्टर आइकमन यांना हे कोंबड्यांनी शिकवलं. पॉलिश केलेल्या तांदळावर त्या लुळ्या पडायच्या, कोंड्यासकट तांदूळ दिला की उठून चालायच्या. त्यांना यासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळालं. आपला उसना तांदूळ या बाबतीत जरा शहाणा. धान कोंड्यासकट उकडलं जातं तेव्हा काही जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात. पण लग्नात उसना भात वाढला तर नाक कोण मुरडतं? आपणच.

दुसरं उत्तर तलावात आहे. माझ्या नानीचं घर अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तिच्या हातचे अंबाडीतले झिंगे, मूठभर बारीक मासे काट्यासकट खमंग परतलेले, पावसाळ्यात तरोटा आणि पातूर. तेव्हा ते गरिबाचं जेवण होतं. २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार शकुंतला थिलस्टेड यांना मिळाला तो याच गोष्टीसाठी. बांगलादेशातल्या तळ्यांतले छोटे मासे डोक्यासकट, काट्यासकट खाल्ले तर आई आणि बाळाला अ जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह किती मिळतं हे त्यांनी मोजून दाखवलं. नानीने मोजलं नव्हतं, एवढाच फरक.

पूर्व विदर्भात कोहळी समाजाने आणि इतरांनी बांधलेले सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. जमीनदारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि त्यांची देखभाल कुणाचीच राहिली नाही. गाळ भरला, बेशरमची झाडं माजली. रोहू, कटला, मृगल यांचं बीज सोडलं गेलं, ते मासे बाजारात वजनावर विकले जातात. गावात वाटून खायचे बारीक स्थानिक मासे कमी झाले. बांध्यांमधलं औषध पावसाच्या पाण्यासोबत तलावात येतं. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः आपल्या जिल्ह्यातच उरला आहे, आणि त्याची संख्या दोन अंकी आहे. तो खातो-पितो त्याच बांध्या आणि त्याच तलावांवर आपणही जगतो.

याच अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांसोबत तलाव पुन्हा जिवंत करण्याचं काम केलं. बेशरम उपटली आणि कोणत्या पाणवनस्पतीच्या आसऱ्याला कोणता मासा अंडी घालतो हे ढिवरांच्या जाणत्यांना विचारून त्या वनस्पती परत लावल्या. मासे परतले, पक्षीही परतले. हे संशोधन आहे. त्याची प्रयोगशाळा माझ्या नानीच्या घराजवळ होती आणि मी त्याबद्दल ऐकलं ते पदवी मिळाल्यानंतर.

मग आपण काय करायचं?

तांदळातला दाणा आज भाभीच्या कामाचा आहे. पण तो ताटातून गेलेल्या माशांची, पालेभाज्यांची आणि कलेजीच्या तिच्या वाट्याची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी आपण एकदम बोलायला शिकलं पाहिजे. सरकारी योजनेवर प्रश्न विचारायचे म्हणजे ती फेकून द्यायची, आणि ती स्वीकारायची म्हणजे गप्प बसायचं, असं काही ठरलेलं नाही.

मी काही साध्या गोष्टी सुरू केल्यात, त्या सांगते. घरात गरोदर बाई आणि वयात आलेल्या मुली यांचं ताट आधी वाढलं जातं. जेवणासोबत लिंबू असतं आणि चहा तासाभराने होतो, कारण चहाने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. मोहल्ल्यातल्या मुलींसाठी आशाताईंना बोलावून हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घेतली. १ जुलै २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तिची तपासणी मोफत आहे. निकाहाच्या आधी दोन्हीकडची ही चिठ्ठी बघितली जावी असा माझा आग्रह आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. जुम्म्याच्या बयानात पाच मिनिटं यावर कोणी बोललं तर माझ्या दहा तासिकांपेक्षा जास्त उपयोग होईल.

आणि तुमच्यापैकी जे अकरावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी. घरी सगळ्यांना तुम्ही डॉक्टर नाहीतर इंजिनीअर व्हायला हवेत. कृषी, पोषणशास्त्र, मत्स्यशास्त्र ही नावं आपल्या घरांत निघतच नाहीत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे एक दलित शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ वाणाच्या शेतात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून एचएमटी तांदूळ आला, जो आज आपल्या लग्नांत शिजतो. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा उपचाराचेही पैसे जवळ नव्हते. त्यांच्याकडे होती ती फक्त वेगळा दाणा दिसल्यावर थांबून बघण्याची सवय.

आम्हालाही वेगळा दाणा दिसला होता. आम्ही तो फेकला.

भाभीला मुलगी झाली. गोळ्या, इंजेक्शनं आणि अम्मीची धावपळ, यातून दोघी सुखरूप आहेत. अम्मी आता दाणे वेचत नाही, पण व्हिडिओ बघून गप्पही बसत नाही. गेल्या महिन्यात ती कंट्रोलच्या रांगेत होती. तिला वाचता येत नाही. तिने पोत्यावरचं निळं चिन्ह दाखवून दुकानदाराला विचारलं, "भैया, इसपे क्या लिखा है, पढ़ के बताओ. और जिसको सिकलसेल है उसका क्या?" दुकानदाराला सांगता आलं नाही. तिने घरी येऊन मला तेच दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, अर्ज लिही, मी अंगठा देते.

अर्ज लिहून झाला आहे. त्यावर आमच्या गल्लीतल्या एकवीस बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत.